एका उकाराचा हंगाम

आज सकाळपासून शेजारच्या वावरात थ्रेशर सुरू आहे. सोयाबीनची सोंगणी आटोपली, कापून रचलेल्या सुड्या फुटल्या, आणि आता दिवसभर ती एकसुरी घरघर. कुटाराची, म्हणजे मळणीच्या भुशाची, धूळ वाऱ्यासोबत येते, दोरीवरच्या कपड्यांवर बसते, पाण्याच्या गुंडावर बसते, बोलायला तोंड उघडलं तर जिभेवर बसते. शेलूबाजारात ज्यांनी जन्म काढला त्यांना या धुळीचं काही वाटत नाही. मलाही वाटत नसे. आता मात्र आश्विन लागला, सोयाबीनची पानं पिवळी होऊन गळाली, शेंगा वाऱ्यावर खुळखुळायला लागल्या की माझ्या तोंडाला कडू चव येते. मी खिडकी लावून घेते.

"काऊन लावली वं खिडकी? उकडून राह्यलं ना," हे म्हणतात.

मी म्हणते, धूळ येते.

नॉर्वेच्या भाषेत शरद ऋतूला आणि पिकाच्या काढणीला एकच शब्द आहे. ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करायचे, आतून 'ए' म्हणायचं, आणि पुढे 'स्ट' जोडायचं. हेस्ट आणि होस्ट यांच्या मधलं काहीतरी होतं. शेलूबाजारात हा शब्द कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. मलाही नव्हतं. गेल्या वर्षी मी तो शिकले. शिकले नसते तर या खिडकीतून आज नुसती धूळ आली असती.

मी इथल्या शाळेत निवृत्त होईपर्यंत मराठी शिकवलं. समास, संधी, ऱ्हस्व-दीर्घ, ज्याचा मुलांना कंटाळा ते सगळं माझ्या वाट्याला. 'मायलेकी' या समासाचा विग्रह करा. माय आणि लेकी. द्वंद्व समास. वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आणि पुसलं. द्वंद्व म्हणजे जोडी, तसं द्वंद्व म्हणजे झुंज. विग्रह म्हणजे समास सोडवणं, तसं विग्रह म्हणजे लढाई. ज्यांनी व्याकरणाला ही नावं दिली त्यांना संसाराची चांगली माहिती असावी.

शुभांगी आमची एकुलती एक. पुण्यात शिकली, तिथून कंपनीनं तिला नॉर्वेला पाठवलं, आणि तिथल्याच एरिकशी तिनं लग्न ठरवलं. "भाषा वेगळी, रीत वेगळी, हे टिकायचं नाही," एवढं एक वाक्य मी बोलले आणि मग पुष्कळ दिवस काहीच बोलले नाही. ह्यांनी मात्र सगळ्या भावकीच्या तोंडावर सांगितलं, "माही पोरगी चुकनार नाई. ज्याले जेवाचं त्यानं यावं, ज्याले बोलाचं त्यानं घरी बोलावं." एरिक आला तेव्हा आमच्या मळ्यात मांडव पडला. रोडगे, वरण आणि ह्यांच्याच झाडांच्या वांग्यांची भाजी. एरिकला मांडी घालून बसता येईना, तर ह्यांनी भाजीचं रिकामं कॅरेट पालथं घालून त्याला बसवला आणि स्वतः त्याच्याजवळ खाली बसून रोडगा कसा कुस्करायचा ते दाखवलं. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. तरी मला वाटतं, त्या मांडवात सगळ्यात जास्त बोलणं त्या दोघांचंच झालं.

मग मीरा झाली. फोनच्या पडद्यावर वाढली. ती बोलायला लागली ती तिकडची भाषा. शुभा तिच्याशी मराठी बोलत नसे. "लहान मुलांचा गोंधळ होतो आई. आधी तिथली एक भाषा पक्की होऊ दे." मी चाळीतल्या, खेड्यातल्या, तांड्यावरच्या पोरांना मराठी शिकवलेली बाई. घरात एक आणि शाळेत दुसरी बोली बोलणाऱ्या पोरांचा गोंधळ होत नाही, हे मला पाठ होतं. पण आईचं पाठ असलेलं मुलीला कधी उपयोगी पडत नाही. पडद्यावर मीरा मला हात हलवायची आणि पळून जायची, लग्नात अनोळखी म्हातारीला नमस्कार करून पोरं पळतात तशी. वर्षभर मी तो हलता हात पाहिला. मग गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी फोनवर त्या भाषेची एक शिकवणी लावली.

"काऊन शिकून राह्यली वं हे? ह्या वयात कोनती परीक्षा द्याची हाये तुले?" ह्यांनी विचारलं. मेथीच्या जुड्या बांधत होते.

"नातीशी बोलायचं आहे."

"मंग नातीले आपली बोली शिकव ना."

"तिची आई शिकवू देत नाही."

ह्यांनी आणखी दोन जुड्या बांधल्या. मग म्हणाले, "शिक बाप्पा. आपन दोघं तिकडं जाऊ तवा रस्ता विचाराले कामी येईन."

कारण शुभानं कबूल केलं होतं, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं इकडे या. ह्यांनी पासपोर्टसुद्धा काढून घेतला होता. फोटोत मान इतकी ताठ की ओळखू येत नाहीत.

शिकवणी सकाळी असे. मी फोन डाळीच्या डब्याला टेकवून बसायची. वर्गात सगळ्या तरुण नर्स मुली, तिकडच्या इस्पितळांत नोकरी मिळवू पाहणाऱ्या. पांढऱ्या केसांची मी एकटीच. सगळ्याजणी मला काकू म्हणत. शिकवणाऱ्या मॅडम नागपूरच्या, बरीच वर्षं तिकडे काढून परत आलेल्या. हिंदी-मराठीची खिचडी करून शिकवायच्या, पण शिकवायच्या चांगलं. मला शिकवणं ओळखता येतं.

पहिल्या आठवड्यातच कळलं की ही भाषा समासांची आहे. दोन शब्द शेजारी आले की तिकडची माणसं त्यांना चिकटवून टाकतात, मध्ये सुईच्या टोकाएवढी जागा ठेवत नाहीत. आजारी म्हणजे 'स्यूक', घर म्हणजे 'हूस'. स्यूकेहूस म्हणजे आजाऱ्यांचं घर, इस्पितळ. मूल आणि बाग मिळून बार्नेहागे, बालवाडी. कधी सांध्यात एक 'ए' येतो, कधी 'स', आणि त्या अक्षराला स्वतःचा काही अर्थ नसतो. ते नुसतं दोघांना धरून ठेवतं. शेवटचा शब्द घरातला कर्ता. अर्थही त्याचाच, लिंगही त्याचंच, आणि शब्दाआधी 'एन' लावायचं की 'एत', ते त्या लिंगावरून ठरतं. शाळा आधी आणि मूल शेवटी असेल तर ते शाळेत जाणारं मूल. तेच उलटं करा, मुलांची शाळा होते. मी मनात म्हटलं, हा आपला तत्पुरुष. इतक्या दूर जाऊन राहिला आहे एवढंच.

"जोडलेला शब्द तोडून लिहू नका," मॅडम सांगायच्या. "स्यूकेप्लाइएर एक शब्द लिहिलात तर नर्स. तोडून 'स्यूक प्लाइएर' लिहिलंत तर नर्सच आजारी." मुली खिदळल्या. आणि उच्चारासाठी तोडायचा तर कसा? आधी सांध्यावर तोडायचा. सांध्यातला 'स' नेहमी आधीच्या शब्दासोबत ठेवायचा, नंतरच्याला द्यायचा नाही. मग एकेका तुकड्याचे अवयव पाडायचे. जितके स्वर तितके तुकडे. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्याकडे जातं. जोडव्यंजन असेल तर एक इकडे, एक तिकडे. बार-ने-हा-गे. मी पोळ्या लाटताना म्हणायची, बार-ने-हा-गे, पोळी फिरवत. हे बाहेरून ओरडायचे, "कोनाले हाका मारून राह्यली वं?"

आजीला त्यांच्यात चार शब्द आहेत, पण मला हवा होता तो एकच. मूर म्हणजे आई, आणि आईची आई म्हणजे मुर्मुर. ह्यांना सांगितलं तर पोट धरून हसले. "मुरमुरे! म्हनजे तू मुरमुरा, अन् म्या काय, फुटाना?" तुम्ही मुर्फार, मी म्हटलं. आईचे वडील. दोन-तीन दिवस हे स्वतःशीच मुर्फार मुर्फार म्हणत भेंडी तोडत होते.

ऐन सोंगणीत शुभा आणि मीरा आल्या. तिकडेही त्या वेळी शरदाची सुट्टी असते. एरिक आला नाही, त्याला काम होतं. नागपूरहून जीपनं आल्या तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कुटाराचे ढग उडत होते. मीरानं आईच्या ओढणीत तोंड लपवलं होतं. मी हात धुऊन, पदर सारखा करून समोर गेले आणि इतके महिने घोकलेलं वाक्य म्हटलं. मी तुझी मुर्मुर आहे, तुझ्या बालवाडीत तुला काय आवडतं?

मीरानं ओढणीतून एक डोळा बाहेर काढला. मग सगळं तोंड. मग तिनं शुभाकडे पाहून काहीतरी म्हटलं, आणि ते मला पुरतं कळलं. मुर्मुर कसं विचित्र बोलते.

पण ती हसली होती. माझ्याकडे आली होती. 'बार्नेहागे'तला माझा 'र' तिला पटला नाही, तो तिनं मला दुरुस्त करून दिला. मी पुन्हा म्हटलं, तिनं पुन्हा दुरुस्त केला. आमचा खेळ जमला.

"आई, नको ना," शुभा म्हणाली. बॅग उतरवता उतरवता, अगदी सहज. "तिचे उच्चार बिघडतील."

जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांचे उच्चार सुधारले, त्या बाईला हे वाक्य ऐकावं लागलं. मी हसले. समोर जीपवाला उभा होता.

तरी ते दिवस बरे गेले, असं तेव्हा वाटलं होतं. शुभा पाहत नसेल तेव्हा आम्ही दोघी बोलायचो. मीरा मला शेळीला काय म्हणतात, शेंगेला काय म्हणतात ते सांगायची, आणि मी तिला इकडचे शब्द द्यायची. ती 'सांबार' म्हणायला शिकली, कोथिंबिरीच्या वाफ्यात बसून. ह्यांच्या खांद्यावर बसून थ्रेशर बघायला गेली आणि केसांत कुटार घेऊन परत आली. ह्यांना तिचं एक अक्षर कळत नव्हतं. "बोलू दे तिले," हे म्हणायचे. "पाखराचं कुठं समजते, तरी आयकतोच ना आपन."

शुभा मात्र फोनवर असायची. गच्चीवर जाऊन, फेऱ्या मारत, मोठ्यानं बोलायची. खाली कुणाला समजणार, या भरवशावर. इंग्रिड नावाच्या मैत्रिणीशी बोलते, असं म्हणाली. एका दुपारी मी तिच्यासाठी चहा घेऊन जिना चढत होते आणि एक लांब शब्द कानावर आला. मी थांबले नव्हते ऐकायला. कप भरलेला होता, हळू चढत होते, इतकंच. तो शब्द पुन्हा आला. बाकीचं बोलणं पाण्यासारखं वाहून गेलं, तो शब्द तेवढा दगडासारखा हाती राहिला. सामलिव्सब्रूड.

चहा दिला, खाली आले, आणि मास्तरीण जागी झाली. आधी सांध्यावर तोडा. साम, म्हणजे सोबत, एकत्र. लिव्ह म्हणजे जीवन, त्याला चिकटलेला सांध्याचा 'स'. आणि ब्रूड? फोनच्या शब्दकोशात पाहिलं. ब्रूड म्हणजे नवरी.

सोबतीच्या जीवनाची नवरी. म्हणजे लग्नाचंच काही असणार. नोंदणीपद्धतीनं झालं होतं त्यांचं, आमच्याकडे नुसता जेवणाचा मांडव. तिकडच्या देवळात आता विधी करणार असतील. म्हणून इतके फोन, म्हणून आमच्यापासून लपवणं. आम्हाला उन्हाळ्यात बोलावण्यामागे हेच असणार! मला इतका आनंद झाला की तो मला एकटीला पुरेना. ह्यांना सांगितलं.

"नवरी?" हे म्हणाले. "म्हनजे आपल्या शुभीले पुन्हा नवरी पाहाचं?" डोक्याचा रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि पुसतच राहिले.

त्या संध्याकाळी जेवताना ह्यांना राहवेना. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "काय वं शुभे, आमाले काही सांगाचं हाये का?"

शुभाचा हात ताटात थांबला. "काय?"

"नाई, आमी म्हतारे मान्सं. आधी सांगतलं त बरं. कपडेलत्ते घ्या लागतेत."

"काही नाही बाबा," ती म्हणाली. मग मीराच्या ताटातली भाजी बारीक करायला लागली. फारच बारीक. मी ह्यांना डोळ्यांनी दटावलं, आणि आम्ही दोघं चोरटेपणानं हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभा मीराला घेऊन ह्यांच्यासोबत मळ्यात गेली आणि मी शिकवणीला बसले. शेवटी मॅडम नेहमी विचारायच्या, कुणाला काही शंका? मी हात वर केला.

"मॅडम, एक शब्द ऐकला. सामलिव्सब्रूड. सहजीवनाची नवरी असा अर्थ होतो का?"

"कुठे ऐकलात काकू?"

"एका मालिकेत," मी म्हटलं.

"तोडा बघू."

"साम, लिव्स, ब्रूड."

"वा. 'स' बरोबर लिव्हला दिलात. पण त्याच्या आधी काय ऐकलंत, 'एन' की 'एत'?"

मी आठवलं. दोन्ही वेळा स्पष्ट ऐकलं होतं. "एत."

"मग ती नवरी कशी असेल? नवरीला 'एन' लागतो. शेवटच्या शब्दाचं लिंग ते अख्ख्या शब्दाचं लिंग, शिकवलं होतं ना? हा ब्रूड नाही काकू. ब्रुड. उकार ऱ्हस्व. लिहिताना शेवटी दोन 'ड' येतात, आणि दोन आले की आधीचा स्वर आखूड होतो. ब्रुड म्हणजे मोडणं. हाड मोडलं की काय म्हणतात, कोण सांगेल?"

"बाइनब्रुड!" एक नर्स ओरडली. "फ्रॅक्चर!"

"करेक्ट. तसंच हे. सामलिव्सब्रुड, म्हणजे नवराबायको वेगळे होणं, संसार मोडणं. लिहून घ्या सगळ्या, परीक्षेत येतो. काकूंनी छान शब्द आणला."

सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. फोनच्या छोट्या छोट्या चौकटींत सगळ्या माना खाली, आणि एका चौकटीत मी, पडद्याकडे बघणारी. कुणीतरी म्हणालं, थँक यू काकू.

चूक कुठे झाली ते मला लगेच कळलं. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ. मूल, फूल, गूळ, धूळ. हा नियम मी इतक्या पिढ्यांच्या कानात भरला की माझ्या स्वतःच्या कानात तो घट्ट बसला होता. माझ्या मराठी कानानं तो उकार ओढून लांब केला, आणि मोडलेल्या संसाराची नवरी केली.

मी चप्पल घातली आणि मळ्यात गेले. हे विहिरीपलीकडे मीराला घेऊन पाणी सोडत होते. शुभा वांग्यांच्या ओळीत बसून वांगी तोडत होती, लहानपणी तोडायची तशी, देठाचे काटे चुकवत. मी तिच्यासमोर बसले. प्रस्तावना मला कधी जमली नाही. मी शब्द उच्चारला. या वेळी ऱ्हस्व.

तिच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, विहिरीकडे पाहिलं.

"बाबांना?"

"त्यांना वाटतं तू पुन्हा नवरी होणार आहेस."

ती एकदम हसली आणि ते हसू मध्येच फाटलं. मग जे सांगितलं ते थोडंच होतं. वर्ष होत आलं. एरिक वेगळा राहतो. भांडण नाही, कुणी तिसरं माणूस नाही. "एक दिवस लक्षात आलं आई, की आम्ही फक्त कोण कधी मीराला आणणार एवढंच बोलतो. बाकी सगळं संपलं होतं. संपलं ते कधी, तेसुद्धा कळलं नाही." मीरा एक आठवडा त्याच्याकडे असते, एक आठवडा हिच्याकडे. दोन्ही घरी तिची एकेक चादर आहे, एकेक दात घासायचा ब्रश. पडद्यावर मला दिसायचं ते घर म्हणजे हिची एक खोली. फोन लावताना ती एका ठरावीक भिंतीसमोर बसत असे.

"कुणाकुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"सगळ्यांना. ऑफिसात, बालवाडीत. त्याच्या आईला."

त्याच्या आईला. जिची माझी एकदाच, त्या मांडवात भेट झाली होती, जी माझ्या वांग्यांची भाजी खाऊन पाणी पाणी करत होती, त्या बाईला माहीत होतं. बालवाडीतल्या बायांना माहीत होतं. मी तेवढी नव्हते.

"मला का नाही सांगितलंस?"

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "कारण तू बरोबर ठरली असतीस."

मी वांग्यांची पाटी जवळ ओढली.

"तू म्हणाली होतीस ना, टिकायचं नाही. रोज फोन लावताना मला तेच ऐकू यायचं. तू काही बोलायच्या आधीच ऐकू यायचं. मला सगळं चाललं असतं आई, तुझं बरोबर ठरणं नको होतं."

पाटाचं पाणी आमच्या ओळीत आलं, तिच्या सँडलखालून गेलं. ती उठली नाही. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं, असं लोक म्हणतील. पण अशा वेळी आपण जवळ घेतलेलं मुलीला हवं आहे की नाही, हे ज्या आईला सांगता येत नाही, तिचा हात पुढे होत नाही. मी पाटीतली वांगी उगाच सारखी केली. वाटलं, हिनं आपलं सगळं दुःख माझ्या एका वाक्याच्या भीतीनं माझ्यापासून दूर ठेवलं, आणि मी मूर्खासारखी तिच्या दारात जायला एक अख्खी भाषा शिकत बसले. दार आतून लावलेलं होतं, आणि कडी माझ्याच नावाची.

"बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"त्यांनी माझ्यासाठी अख्ख्या गावाशी वाकडं घेतलं. त्यांना मी काय सांगू, की तुमची पोरगी चुकली?"

"आणि उन्हाळ्यात? पासपोर्ट आणून ठेवलाय त्यांनी."

तिनं हातातलं वांगं पाटीत टाकलं. "व्हिसा नाकारला म्हणून सांगेन. इकडूनच अर्ज करावा लागतो म्हणेन. तू फक्त काही बोलू नकोस."

विहिरीपलीकडून हे ओरडले, "अवं, पाहा वं तुमची पोरगी! पानी वळवू राह्यली!" मीरा दोन्ही हातांनी चिखलाचा बांध घालत होती आणि पाणी तिच्या बांधावरून निवांत निघून जात होतं. शुभानं डोळे पुसले आणि हात वर करून हलवला.

त्या जायच्या दिवशी ह्यांनी जीपमध्ये एरिकसाठी वांग्यांची पिशवी ठेवली. शुभा म्हणाली, विमानतळावर काढून टाकतील बाबा. "काढतीन त काढतीन," हे म्हणाले. "पन जावयाले सांगजो, सासऱ्यानं देल्ली होती." मीरानं मला मिठी मारली आणि कानात काहीतरी म्हटलं. थ्रेशरच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही, आणि परत विचारेपर्यंत जीप सुटली.

शिकवणीला मी पुन्हा बसले नाही. मॅडमचा एकदा फोन आला, काकू, तब्येत बरी आहे ना? बरी आहे म्हटलं, शिकायचं होतं तेवढं शिकून झालं.

चैत्रात शुभाचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला, नेहमीसारखा. तिनं ठरल्याप्रमाणे सांगितलं. नामंजूर झालं बाबा. पहिल्याच पायरीवर. मी शेजारी बसून गव्हातले खडे काढत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी "अरे देवा" म्हटलं. चांगलं म्हटलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी इतकी वर्षं नाटकं बसवली ती फुकट गेली नव्हती.

"काऊन नामंजूर केलं? आमी काय चोर हावो का?" ह्यांनी फोनमध्ये विचारलं.

"तसं नाही बाबा. नियम असतात त्यांचे."

"बरं. एरिकराव बरे हाएत ना?"

"बरे आहेत."

"मंग झालं."

आता शुभा आणि मी आठवड्यातून एकदा बोलतो. पूर्वीपेक्षा जास्त बोलतो, कारण ह्यांच्यासाठी आमची एक गोष्ट सारखी जुळवून ठेवावी लागते. एरिकला सर्दी झाली होती, एरिक कामासाठी बाहेरगावी गेला, एरिकनं नमस्कार सांगितलाय. काय सांगितलं आणि काय सांगायचं राहिलं याचा मेळ घालताना आम्हा दोघींना एकमेकींची गरज पडते. शेवटी मायलेकी एकत्र आल्या त्या अशा. तिनं मला तिच्या आयुष्यात घेतलं, पण खोटं सांभाळायला. मीरा कधी पडद्यावर येते. तिचं बोलणं आता माझ्या पुढे गेलं आहे, मला अर्धं कळत नाही. मी विचारत नाही.

यंदा त्या आल्या नाहीत. सुट्टी मिळाली नाही, असं ह्यांना सांगितलं आहे. खरं म्हणजे त्या आठवड्यात मीरा तिच्या बापाकडे होती.

मघाशी थ्रेशर जेवणासाठी थांबलं. एकदम शांत झालं. हे आत आले, हातपाय धुतले, आणि नेहमीसारखे ताटावर न बसता माझ्यासमोर येऊन उभे राहिले. थोडे लाजल्यासारखे.

"ऐक ना. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज टाकाले सांगतलं म्या शुभीले. सरकार एकदा नाई म्हनते, दुसऱ्यांदा हो म्हनते. आपल्याइकडं नाई का तसंच."

"हं," मी म्हटलं.

"अन् मले एक वाक्य शिकव. तिकडच्या बोलीतलं. तुले येते ना."

"कोणतं?"

"जावयाले म्हनाचं हाये. भेटल्याबरोबर, त्याचा हात धरून. माह्या पोरीले तू सांभाळून राह्यला, तुये उपकार. असं. त्याईच्यात कसं म्हनतेत?"

मी भाकरी तव्यावरून उतरवली. दुसरी टाकली. तिला पाणी लावलं.

"सांग ना वं."

"ताक्," मी म्हणाले.

"ताक? प्याचं ताक?"

"तोडून म्हणा. ताक्. आभार. ताक् फॉर आत दू..."

"ताक् फॉर आत दू."

"पास्-सेर पो."

"पासेर पो."

"पास्-सेर. मध्ये दोन स आहेत. एक इकडे, एक तिकडे."

"पास्-सेर पो," हे म्हणाले.

"दात्-ते-रेन मिन. माझ्या मुलीला."

त्यांनी डोळे मिटले, शाळेतलं पोर पाठांतराला उभं राहतं तसे, हात सरळ खाली, आणि सगळं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आलं का?"

"बरोबर आलं," मी म्हटलं, आणि त्यांचं ताट वाढलं.